तोल, कान आणि सुई : स्ट्रेप्टोमायसिनच्या इतिहासातून

मार्च १९४९मध्ये इंग्लंडमधील क्रॅनम येथील सॅनेटोरियममध्ये खाटेला खिळलेल्या जॉर्ज ऑर्वेलने आपल्या टिपणवहीत एक नोंद केली. ती कोणत्याही कादंबरीसाठी नव्हती. आदल्या वर्षी आपल्याला टोचल्या गेलेल्या एका नव्या औषधाने शरीराचे काय काय केले, हे विसरण्याआधी लिहून ठेवावे, एवढाच तिचा हेतू. कातडीचा लालसर होणारा आणि सोलवटत जाणारा पापुद्रा, तोंडात आणि घशात उठलेले फोड, ओठांतून येणारे रक्त, गळणारे केस, खराब होणारी नखे, असा हा तपशील आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही, आत्मदया तर नाहीच. पॅरिसमधील दारिद्र्य किंवा उत्तर इंग्लंडमधील कोळशाच्या खाणी ज्या नजरेने पाहिल्या, त्याच नजरेने हा लेखक स्वतःचे शरीर पाहतो आहे.

ते औषध होते स्ट्रेप्टोमायसिन. साहित्याच्या अभ्यासकांना ते ऑर्वेलच्या चरित्रातील एक तळटीप म्हणून ठाऊक असते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान फार मोठे आहे. क्षयरोगावर निश्चित परिणाम करणारे ते पहिले प्रतिजैविक. ते पोटात घेऊन चालत नाही, टोचूनच घ्यावे लागते. आणि जीव वाचवताना ते त्याची किंमतही वसूल करते. ती किंमत किती असावी, कोणी मोजावी आणि कोणी ठरवावी, हा प्रश्न गेली आठ दशके वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहिला आहे. ‘औषध जपून वापरा’ या साध्या वाक्यामागे केवढा इतिहास उभा आहे, हे या औषधाच्या निमित्ताने पाहता येते.

क्षय आणि साहित्य यांचे नाते आपल्याला नवे नाही. कीट्स १८२१मध्ये, चेखव १९०४मध्ये, काफ्का १९२४मध्ये या रोगाने गेला. आपल्याकडे राम गणेश गडकरी १९१९ साली सावनेर येथे ऐन उमेदीत गेले, तेही क्षयानेच. ‘राजयक्ष्मा’ हा आयुर्वेदातला भारदस्त शब्द आणि ‘क्षय’ हा रोजचा शब्द. दोन्हींत झिजत जाण्याचीच कल्पना आहे. औषध नव्हते तेव्हा विश्रांती, सकस आहार आणि हवापालट एवढेच वैद्यांच्या आणि डॉक्टरांच्या हाती होते. ज्यांना परवडे ते पाचगणीसारख्या ठिकाणी जात. ज्यांना परवडत नसे ते चाळीतल्या खोलीत खोकत राहत. प्रतिभा आणि क्षय यांची जी रोमँटिक सांगड एकोणिसाव्या शतकाने घातली, तिच्या मुळाशी वैद्यकाची हतबलता होती. उपाय नसलेल्या रोगाला अर्थ देण्याचे काम साहित्याला करावे लागते.

ही हतबलता संपली ती एका शेतकी महाविद्यालयाच्या तळघरात. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे अभ्यासक होते. त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याने १९४३च्या ऑक्टोबरमध्ये मातीतील एका जीवाणूपासून हे द्रव्य मिळवले. पेनिसिलिन ज्यांच्यावर निष्प्रभ ठरत होते, अशा अनेक जीवाणूंना ते रोखत होते आणि क्षयाचा जीवाणूही त्यांत होता. जानेवारी १९४४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या शोधनिबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूगी आणि वाक्समन अशी तीन नावे होती. मेयो क्लिनिकमधील विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिनशॉ यांनी गिनीपिगवर आणि मग रुग्णांवर त्याचा प्रयोग केला. १९५२चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले. त्याआधीच, १९५०मध्ये, शॅट्झने आपल्या गुरूंवर दावा लावला होता आणि तडजोडीत त्याला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली होती. गुरुशिष्यांच्या या वादाची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्याला जायचे आहे ते औषध रुग्णापर्यंत पोचल्यानंतर काय झाले तिकडे.

महायुद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती आणि स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेतून आणावे लागे. मिळालेला तुटपुंजा साठा कोणाला द्यायचा? ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने या टंचाईतूनच एक वाट काढली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या योजनेनुसार दोन्ही फुप्फुसांत वेगाने वाढणारा क्षय असलेले १०७ तरुण रुग्ण निवडण्यात आले. ५५ जणांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना केवळ विश्रांती. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. ते बंद पाकिटातील यादृच्छिक आकड्यांवर ठरत होते. सर्वांना पुरेल इतके औषध असते तर ही विभागणी अनैतिक ठरली असती. ते नव्हते, म्हणून काटेकोर चाचणी न करणे अनैतिक ठरले असते, अशी हिल यांची भूमिका होती. आज नव्या औषधांच्या चाचण्या ज्या पद्धतीने होतात, तिचा हा पायाच म्हणता येईल. मात्र केवळ विश्रांती मिळणाऱ्या रुग्णांना आपण एका चाचणीचा भाग आहोत हे सांगितलेच गेले नव्हते, ही गोष्टही त्या पायातच आहे.

निष्कर्ष ३० ऑक्टोबर १९४८च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते, तर न मिळालेल्या ५२ पैकी १४. औषध गुणकारी आहे, याबद्दल शंका उरली नाही. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी नमूद होत्या आणि त्यांचे महत्त्व यशाच्या आकड्यांइतकेच आहे.

पहिली गोष्ट तोलाची. औषध घेणाऱ्या ५५ पैकी ३६ जणांना काही आठवड्यांनी गरगरू लागले. हे औषध अंतर्कर्णात पोचते. तेथे तोल सांभाळणाऱ्या आणि ऐकण्याचे काम करणाऱ्या अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात, त्यांना ते मारते. कातडी सोलली तर नवी येते, केस गळले तर पुन्हा उगवतात. अंतर्कर्णातल्या या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. यावर उपाय म्हणून औषधाच्या रेणूत थोडा बदल करून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन तयार करण्यात आले. ते तोलाच्या बाबतीत सौम्य वाटले, म्हणून काही काळ उत्साहाने वापरले गेले. पुढे लक्षात आले की ते कानाला अधिक घातक आहे आणि बहिरेपणा कधीकधी उपचार संपल्यावरही येतो. माणसांच्या उपचारांतून ते मागे पडले. एक इजा टाळण्यासाठी दुसरी, अधिक उशिरा दिसणारी इजा पत्करली गेली होती. आणि उशिरा दिसणारी इजा नोंदवहीत येत नाही, म्हणूनच औषध सुरक्षित भासते.

दुसरी गोष्ट रोधाची. पहिल्या काही आठवड्यांत सुधारलेले अनेक रुग्ण पुन्हा ढासळू लागले, कारण त्यांच्या शरीरातले जीवाणू या औषधाला दाद देईनासे झाले होते. क्षयाच्या एका मोठ्या व्रणात कोट्यवधी जीवाणू असतात आणि त्यांतले मोजके आधीपासूनच एखाद्या औषधाला न जुमानणारे असतात. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि हे मोजके त्या मोकळ्या जागेत फोफावतात. पाच वर्षांनी याच रुग्णांची पाहणी झाली तेव्हा औषध मिळालेल्या ५५ पैकी ३२ मरण पावले होते आणि न मिळालेल्या ५२ पैकी ३५. सहा महिन्यांचे घवघवीत यश पाच वर्षांत जवळजवळ विरून गेले होते. उत्तर सापडले ते संयोगात. स्वीडनमधील यर्गेन लेहमन यांनी शोधलेले पास हे औषध स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीने दिले, तर रोध निर्माण होण्याचे प्रमाण फार कमी होते, हे परिषदेच्या पुढच्या चाचणीने दाखवले. १९५२मध्ये आयसोनायझिड आले आणि तीन औषधांचा संयोग हा नियम झाला. क्षयाला कधीही एकट्या औषधाने भिडू नये आणि अपयशी ठरत असलेल्या उपचारात एकच नवे औषध मिसळू नये, ही दोन वाक्ये १९५०च्या दशकात वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतली.

ऑर्वेल या इतिहासाच्या ऐन मध्यावर उभा आहे. १९४८च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधील हेअरमायर्स रुग्णालयात तो असताना ‘ऑब्झर्व्हर’चे डेव्हिड ॲस्टर यांनी त्याच्यासाठी अमेरिकेतून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. आयातीला परवानगी देणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे ‘ट्रिब्यून’मधले त्याचे जुने सहकारी. ज्या औषधासाठी इतर रुग्णांचे भवितव्य बंद पाकिटे ठरवत होती, ते त्याला ओळखीने मिळाले. विषमतेवर आयुष्यभर लिहिणाऱ्या लेखकाला हे सुखाचे गेले असेल असे वाटत नाही. सुमारे पन्नास दिवसांनी त्याच्या शरीराने ते नाकारले आणि उपचार थांबवावा लागला. उरलेले औषध इतर रुग्णांच्या कामी आले. त्या उन्हाळ्यात तो सुधारून ज्युरा बेटावर परतला आणि डिसेंबरपर्यंत ‘नाइन्टीन एटी-फोर’चे हस्तलिखित त्याने टंकून पूर्ण केले. कादंबरी जून १९४९मध्ये आली आणि २१ जानेवारी १९५० रोजी तो गेला. या कादंबरीच्या तिसऱ्या भागात विन्स्टनचे झिजलेले शरीर आरशासमोर उभे केले जाते. तेथे लेखकाचा स्वानुभव शोधण्याचा मोह टीकाकारांना होतो आणि तो अगदीच निराधार नाही. पण माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे ती टिपणवहीतली नोंद. ऑर्वेलला झालेला त्रास बव्हंशी अतिसंवेदनेचा होता. कान व तोल यांच्यावरील विषारी परिणामापेक्षा तो वेगळा. आपल्याला नेमके काय झाले हे त्याने लिहिले, म्हणूनच आज आपण हा फरक करू शकतो. रुग्णाचे शब्द हाही वैद्यकातला पुरावा असतो.

हे औषध टोचावे का लागते आणि ते इजा का करते, याचे उत्तर रेणूच्या स्वभावात आहे. हा रेणू पाण्यात सहज विरघळतो, पण आतड्याच्या अस्तरातून रक्तात जवळजवळ शिरत नाही. म्हणून स्नायूत सुई. रक्तात गेलेले औषध शरीर मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंडे मंदावली असतील तर ते साचत जाते. म्हणून वजन, वय आणि मूत्रपिंडांचे काम पाहिल्याशिवाय मात्रा ठरवता येत नाही. गर्भवतीला ते देणे टाळतात, कारण गर्भातील बाळाच्या कानाला धोका पोचतो. जीवाणूवर त्याचा मारा कसा होतो, हे तर साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष रुचेल असे आहे. प्रत्येक पेशीत जनुकांचा संदेश वाचून प्रथिने बनवणारी यंत्रणा असते, तिला रायबोसोम म्हणतात. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमला चिकटते आणि त्याला संदेश चुकीचा वाचायला लावते. जीवाणू आपल्याच संहितेच्या अपपाठाने मरतो.

मग माणसाच्या पेशी का वाचतात? कारण आपले रायबोसोम वेगळ्या घडणीचे आहेत. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचे स्वतंत्र रायबोसोम असतात आणि ते जीवाणूंच्या रायबोसोमशी नाते सांगतात. काही घराण्यांत या मायटोकाँड्रियाच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो. त्याने हे साम्य आणखी वाढते आणि अशा व्यक्तीला मोजक्या इंजेक्शनांनीही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हा बदल आईकडून मुलांकडे जातो. त्याचा उलगडा १९९३मध्ये झाला. ‘माझ्या मामाला इंजेक्शनने बहिरेपण आले होते’ हे वाक्य रुग्णाने सहज बोलण्याच्या ओघात सांगितले, तर ते कौटुंबिक गप्पांत जमा करायचे नसते. डॉक्टरच्या दृष्टीने ती सूचना असते.

भारताचा या कथेतील वाटा मोठा आहे आणि तो केवळ रुग्णसंख्येचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. पेनिसिलिनपासून सुरुवात करून पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. पिंपरी हे गाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते, पण स्वतंत्र भारताची औषधनिर्मितीतील स्वावलंबनाची पहिली मोठी खूण तेथेच उमटली. दुसरीकडे मद्रासमध्ये १९५६मध्ये सुरू झालेल्या केंद्रात वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी एक मूलभूत प्रश्न विचारला : गरीब रुग्णाला त्याच्या दाटीवाटीच्या घरातच, गोळ्या देऊन बरे करता येईल का? १९५९मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर होकारार्थी होते. सॅनेटोरियमइतकाच गुण घरी येत होता आणि घरच्या माणसांना अधिक लागणही होत नव्हती. पाचगणीची हवा आता उपचाराची अट राहिली नाही. याच केंद्राने आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली द्यायच्या उपचाराचीही चाचणी केली आणि त्यात स्ट्रेप्टोमायसिनची सुई होती. गोळी घरी नेऊन टाकून देता येते. सुईसाठी केंद्रावर यावेच लागते. ‘समोर बसवून औषध देणे’ या पुढे जगभर गेलेल्या कल्पनेची एक पाळेमुळे अशी सुईपाशी जातात.

पण नंतरच्या काळात हीच सुई सवयीची झाली. भारतात १९९७पासून राबवलेल्या सुधारित कार्यक्रमात, उपचार सोडलेल्या किंवा रोग उलटलेल्या रुग्णांना जुनीच औषधे पुन्हा देऊन त्यांत पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची भर घालत. फसलेल्या उपचारात एकच नवे औषध मिसळू नये, हा १९५०च्या दशकातील धडा येथे विसरला गेला होता. औषधे स्वस्त होती, कार्यक्रम मोठा होता, प्रत्येकाची रोधचाचणी करण्याची सोय नव्हती, ही कारणे खरीच आहेत. पण कारणांनी जीवाणूंची समजूत पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये ही पद्धत बंद करण्यास सांगितले आणि आधी रोधचाचणी, मग औषध हा क्रम आला.

बहुऔषधरोधी क्षयाच्या रुग्णांना तर स्ट्रेप्टोमायसिनचीच भावंडे, कॅनामायसिनसारखी औषधे, महिनोन्महिने रोज टोचली जात. बहिरेपण हा त्या उपचारांचा ज्ञात, छापील दुष्परिणाम होता. ‘जीव वाचला हे काय थोडे झाले?’ हे वाक्य अशा वेळी फार लवकर उच्चारले जाते. हानी प्रथम अतिशय उंच स्वरांपासून सुरू होते. रुग्णाला आरंभी काही जाणवत नाही. मग पाखरांचे आवाज, बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ निसटू लागतात, कानात अखंड घूं घूं राहते. श्रवणचाचणी ही हानी रुग्णाच्या आधी ओळखू शकते. पण ती उपचारापूर्वी आणि दरम्यान ठरावीक अंतराने केली तरच. त्यासाठी यंत्र, ते चालवणारा माणूस आणि तीनेकशे रुपयांची रोजी बुडवून रांगेत उभा राहू शकणारा रुग्ण, असे सगळे जुळून यावे लागते.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी अशाच इंजेक्शनांमुळे २०१३मध्ये, ऐन विशीत, श्रवणशक्ती गमावली. दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले यांचीही हीच कथा. या दोघींनी २०१९मध्ये बेडाक्विलिन या तोंडाने घ्यायच्या औषधावरील एकाधिकाराची मुदत वाढू नये, म्हणून भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३मध्ये ती मान्य होऊन कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. त्याआधी, २०१८मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असे सुचवले होते. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिनवर आधारलेल्या, संपूर्णपणे गोळ्यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. ज्यांनी स्वतःचे ऐकणे गमावले, त्यांनी इतरांचे वाचावे म्हणून लढा दिला, ही या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना म्हणावी लागेल.

याचा अर्थ सुई वाईट, असा नव्हे. प्लेगसारख्या रोगात, रक्तात पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गात, नवजात बालकांच्या काही आजारांत याच कुळातली औषधे आजही जीव वाचवतात, आणि तेथे त्यांच्या भीतीने हात आखडणे हीही हानीच ठरेल. प्रश्न आहे तो जपून वापरण्याचा. आणि इतिहास सांगतो की जपणे म्हणजे केवळ योग्य मात्रा नव्हे. या जीवाणूवर हे औषध चालते का, हे आधी पाहणे. क्षयात ते एकट्याने न देणे. मूत्रपिंड आणि कान तपासून सुरुवात करणे आणि मध्येही तपासत राहणे. गरजेपेक्षा एक दिवसही अधिक न देणे. आणि रुग्ण ‘गरगरतंय’, ‘कानात आवाज येतोय’ म्हणाला की ते वाक्य अर्ध्यावर न तोडणे. यांतले शेवटचे कलम कोणत्याही प्रयोगशाळेविना पाळता येते आणि तरीही तेच सर्वांत जास्त वेळा मोडले गेले आहे.

वाचन आणि श्रवण यांवरच ज्यांचा व्यवसाय उभा आहे, अशा आपल्यासारख्यांना या इतिहासात रस वाटावा तो यासाठी. १९४८च्या अहवालात ३६ रुग्णांची भोवळ आकड्यात नोंदली गेली; ऑर्वेलची वेदना शब्दांत नोंदली गेली. आकड्याविना शब्द एकट्याचे दुःख ठरतो आणि शब्दाविना आकडा कोणाचेच दुःख राहत नाही. औषध सुरक्षित होत गेले ते या दोन्ही नोंदी ज्या ज्या वेळी एकत्र वाचल्या गेल्या त्या त्या वेळी, आणि जेव्हा त्यांतली एक वाचायची राहून गेली, तेव्हा तिची भरपाई कोणीतरी आपल्या कानांनी केली.